मायामीचे हरिकेन केंद्र : अंदाज चुकला म्हणजे नेमके काय चुकले?

खाडीकाठची (धागाकर्ती)

२०२४ मध्ये तेरा दिवसांच्या अंतराने दोन हरिकेन, म्हणजे अटलांटिककडची मोठी चक्रीवादळे, फ्लोरिडातल्या आमच्या टॅम्पाच्या वाटेने गेली. २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन आमच्यापासून बरेच उत्तरेला, फ्लोरिडाचा किनारा जिथे पश्चिमेकडे वळतो त्या 'बिग बेंड' भागात, श्रेणी ४ चे होऊन (वाऱ्याच्या वेगावरून १ ते ५ अशा श्रेणी असतात) जमिनीवर चढले. आमच्याकडे वाऱ्याने फार काही झाले नाही, पण खाडीचे पाणी पूर्वी कधी पाहिले नव्हते इतके चढले आणि आमच्या गल्लीतल्या सखल घरांत गुडघाभर शिरले. ९ ऑक्टोबरला मिल्टन आले तेव्हा त्या घरांतले भिजलेले सोफे, गाद्या आणि फुगलेल्या भिंतींचे तुकडे अजून रस्त्याच्या कडेला ढिगाने पडलेले होते. मिल्टनच्या वेळी खाडीत दहा ते पंधरा फूट वादळी उधाण, म्हणजे वाऱ्याने किनाऱ्यावर ढकललेले समुद्राचे पाणी, येऊ शकते असा इशारा होता. आमचे घर 'ए' विभागात, म्हणजे घर सोडण्याचा हुकूम सर्वांत आधी निघतो त्या पट्ट्यात. आम्ही निघालो, आतल्या भागात मावसदिरांकडे दोन रात्री काढल्या आणि परतलो तेव्हा कळले की खाडीचे पाणी चढण्याऐवजी उतरले होते. न गेलेल्या शेजाऱ्यांनी गाडीतून उतरायच्या आतच सांगितले, "तुम्हाला उगाच पळवले."

त्या 'उगाच'साठी हा धागा काढत आहे. वर्षभर सवडीने नॅशनल हरिकेन सेंटरचे काम समजून घेतले. जे समजले ते मांडते, जाणकारांनी दुरुस्त करावे.

हे केंद्र अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा भाग आहे. १९९५ पासून ते मायामीतल्या फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाच्या आवारात, जाड काँक्रीटच्या भिंतींच्या इमारतीत आहे. भिंती जाड असण्यामागे अनुभव आहे : २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू आले तेव्हा हे केंद्र कोरल गेबल्समध्ये होते आणि ज्या वादळाचा अंदाज तिथे लिहिला जात होता, त्याच वादळाने छपरावरचे रडार उडवून नेले. उत्तर अटलांटिक आणि पूर्व प्रशांत महासागर ही त्यांची हद्द. म्हणजे मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटेही त्यांच्याच पत्रकांवर नजर ठेवून असतात, मात्र आपापल्या देशात इशारा लावायचा की नाही हे त्या देशांचे सरकार ठरवते.

वादळ असेल तेव्हा दिवसातून चार पत्रके निघतात. आमच्या उन्हाळी वेळेनुसार पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री अकरा. किनाऱ्याला इशारा लागलेला असेल तर मध्ये आणखी पत्रके निघतात. पहाटे पाचचे पत्रक रात्री दोनच्या स्थितीवर बेतलेले असते. मधल्या तीन तासांत उपग्रहाची चित्रे आणि विमानाची मोजमापे यांवरून वादळाचा मध्य निश्चित करायचा, संगणकीय प्रारूपांचे (गणिताने पुढचे हवामान काढणाऱ्या कार्यक्रमांचे) निकाल तपासायचे, पुढच्या पाच दिवसांतली ठिकाणे आणि वाऱ्याचा वेग ठरवायचा, स्थानिक हवामान कार्यालयांशी बोलायचे आणि मग सगळे लिहायचे. पत्रकाबरोबर एक 'डिस्कशन' असते, त्याला आपण टिपण म्हणू. त्यात अंदाजकर्ता स्वतःचे तर्क मांडतो, कोणती प्रारूपे एकमेकांशी भांडत आहेत आणि आपला भरवसा किती आहे हे सांगतो, आणि खाली आपले आडनाव लिहितो. सरकारी कागदावर 'मला याबद्दल खात्री कमी आहे' असे नावानिशी लिहिलेले मी तरी दुसरीकडे वाचलेले नाही.

आता प्रश्न. मिल्टन मेक्सिकोच्या आखातातून आले आणि सारासोटाजवळ सिएस्टा की या बेटावर, म्हणजे आमच्या खाडीच्या मुखाच्या थोडे दक्षिणेला, श्रेणी ३ चे असताना जमिनीवर चढले. या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे पश्चिमेला तोंड करून असलेल्या किनाऱ्यावर मध्याच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून येतो आणि उत्तरेला जमिनीकडून. आम्ही उत्तरेला राहिलो, म्हणून वाऱ्याने खाडीचे पाणी बाहेर ढकलले. मध्य खाडीच्या मुखावरून किंवा किंचित उत्तरेकडून गेला असता, तर तेच पाणी आत आले असते. तर मग अंदाज चुकला असे म्हणावे का?

---

रोखठोक

धागा चांगला आहे, पण शेजाऱ्यांची बाजूही कोणी मांडायला हवी. मी ह्यूस्टनला राहतो. २००५ च्या सप्टेंबरात, न्यू ऑर्लीन्स बुडवणाऱ्या कत्रिनानंतर जेमतेम चार आठवड्यांनी, रीटा हे हरिकेन आखातात श्रेणी ५ ला पोहोचले आणि ह्यूस्टन-गॅल्व्हस्टनच्या रोखाने येत असल्याचा अंदाज होता. न्यू ऑर्लीन्सची चित्रे टीव्हीवर ताजी होती, त्यामुळे ज्यांना हुकूम होता तेही निघाले आणि ज्यांना नव्हता तेही निघाले. एरवी चार तासांचा रस्ता आम्ही बावीस तासांत कापला. गाड्या तापून बंद पडत होत्या, पेट्रोल संपले होते आणि एअर कंडिशनर लावायची कोणाची हिंमत नव्हती. डॅलसजवळ वृद्धाश्रमातल्या रुग्णांना नेणाऱ्या बसला आग लागून तेवीस जण गेले. वादळ शेवटी टेक्सास-लुइझियाना सीमेवर गेले आणि त्या पळापळीत शंभराच्या आसपास माणसे दगावली, जी प्रत्यक्ष वादळात दगावलेल्यांपेक्षा किती तरी जास्त होती.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. अंदाजाची किंमत फक्त न दिलेल्या इशाऱ्यातच मोजायची का, दिलेल्या इशाऱ्याची किंमत कोणी मोजायची?

---

विदाप्रेमी

रोखठोक यांचा मुद्दा रास्त आहे. मात्र रीटाच्या वेळी निघालेल्यांपैकी बहुतेकांना निघा असे केंद्राने सांगितलेले नव्हते आणि तो त्यांचा अधिकारही नाही. घर सोडण्याचा हुकूम काउंटी (तिकडचा जिल्हा) किंवा शहराचे प्रशासन काढते. केंद्र फक्त वारा, पाणी आणि वेळ सांगते. गोंधळ झाला तो या दोन कामांच्या मधल्या जागेत.

मी संख्याशास्त्राचा माणूस आहे, म्हणून वादळाचा संभाव्य मार्ग दाखवणाऱ्या केंद्राच्या त्या प्रसिद्ध नकाशाबद्दल लिहितो. तिकडे त्याला नुसते 'कोन' म्हणतात, पण तो आपल्या भूमितीतला कोन नव्हे, शंकू आहे. तो काढण्याची रीत साधी आहे. मागच्या पाच वर्षांत केंद्राचा चोवीस तासांचा अंदाज प्रत्यक्ष जागेपासून किती सागरी मैल दूर पडला याची यादी करायची आणि त्यातले दोनतृतीयांश अंदाज ज्यात बसतील एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ घ्यायचे. छत्तीस, अठ्ठेचाळीस असे करत एकशेवीस तासांपर्यंत तेच. सगळी वर्तुळे मार्गावर ठेवून बाहेरून रेघ ओढली की शंकू तयार होतो. अटलांटिकमध्ये एका दिवसासाठी ही त्रिज्या चाळीसेक सागरी मैल भरते आणि पाच दिवसांसाठी दोनशेच्या आसपास.

यातून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही लोकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली म्हणजे तीनपैकी एका वेळी वादळाचा मध्य शंकूच्या बाहेर जाणे हे अपेक्षितच आहे, ती चूक नव्हे. दुसरी म्हणजे त्या हंगामातल्या सगळ्या वादळांना त्रिज्या तीच असते, त्यामुळे आजचे वादळ सरळमार्गी आहे की चकवा देणारे हे शंकूच्या रुंदीवरून कळत नाही, त्यासाठी टिपणच वाचावे लागते. तिसरी सर्वांत महत्त्वाची : शंकू मध्यबिंदूचा आहे, वादळाचा नाही. हेलीनचा मध्य टॅम्पापासून शंभराहून अधिक मैलांवरून गेला आणि तरीही धागाकर्तीच्या गल्लीत पाणी शिरले, हे याचे उत्तम उदाहरण आहे.

२००४ पर्यंत तर शंकूच्या मधून जाणारी काळी रेघच लोक वाचत असत. त्या वर्षी १३ ऑगस्टला चार्ली या हरिकेनची रेघ टॅम्पाकडे होती, वादळ आधीच उजवीकडे वळले आणि शार्लट हार्बरजवळ श्रेणी ४ चे होऊन चढले. पुंटा गोर्डाच्या लोकांना वाटले की आपण सुटलो. वस्तुतः हरिकेनचा इशारा त्यांच्या किनाऱ्यालाही लागलेला होता.

अवांतर : निरनिराळ्या प्रारूपांचे मार्ग एकाच नकाशावर काढतात त्याला तिकडे 'स्पॅगेटी' म्हणतात. आमच्याकडे त्याला 'शेवयांचा नकाशा' असे नाव पडले आहे. दहा दिवस पुढची एकच शेवई उचलून समाजमाध्यमांवर टाकणाऱ्यांपासून सावध राहावे.

---

जुना बावटा

मी कोकण किनाऱ्यावरच्या एका बंदरात नोकरी करून निवृत्त झालो. आमच्या वेळी वेधशाळेची तार आली की बंदरावर बावटा चढायचा. 'तीन नंबर लागला' एवढे म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नसे, होड्या खाडीत येऊन लागत. लोकांना आकडा नको होता, आता काय करायचे ते हवे होते. मायामीच्या शंकूबद्दल वाचताना मला तोच बावटा आठवतो, फक्त त्यात शास्त्र जास्त आणि हुकूम कमी आहे.

धागाकर्तीने सांगितलेली वाऱ्याची गोष्ट आम्ही ३ जून २०२० रोजी अनुभवली. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात चढले. आदल्या दिवशी सगळ्या वाहिन्या 'मुंबईवर संकट' म्हणून ओरडत होत्या. मुंबई मध्याच्या उत्तरेला राहिली आणि बऱ्याच अंशी बचावली. दुसऱ्या दिवशी मुंबईकरांनी विनोद केले. इकडे श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या, घरांवरचे पत्रे आणि कौले गेली होती आणि कित्येक गावांत महिनाभर वीज नव्हती. मोबाइलचे मनोरे बंद पडल्यामुळे तिकडची बातमीच बाहेर येत नव्हती. 'वादळ आलेच नाही' असे म्हणणारा माणूस कोठे उभा राहून बोलतो आहे, हे आधी विचारावे.

एक शंका आहे. आपल्या हवामान खात्याचे आकडे आणि अमेरिकन संस्थांचे आकडे एकाच वादळाबद्दल जुळत नाहीत. यात कोणाचे खरे मानायचे?

---

ढगवेडा

जुना बावटा यांच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण यावरून दर वादळाला भांडणे होतात. वारा सतत कमीजास्त होत असतो, म्हणून काही वेळाची सरासरी घ्यावी लागते. मायामीचे केंद्र एका मिनिटाची सरासरी सांगते आणि भारतीय हवामान खाते तीन मिनिटांची. जागतिक हवामान संघटनेची सर्वसाधारण रीत दहा मिनिटांची आहे. वेळ जितका कमी तितका आकडा मोठा येतो, त्यामुळे दोघेही खरे असू शकतात. अर्थात मतभेद फक्त सरासरीचा असतो असे नाही. २०१३ मध्ये फायलिनच्या वेळी अमेरिकन नौदल आणि हवाई दलाच्या संयुक्त संस्थेने आपल्या खात्यापेक्षा बरीच जास्त तीव्रता सांगितली होती आणि खाते आपल्या आकड्यावर ठाम राहिले. ओडिशात त्या वेळी सुमारे दहा लाख लोकांना हलवले गेले होते. १९९९ च्या महाचक्रीवादळात त्याच किनाऱ्यावर दहा हजारांच्या आसपास माणसे गेली होती, हे लक्षात घेतले तर हा बदल किती मोठा आहे ते कळते. उत्तर हिंदी महासागरासाठी दिल्लीचे केंद्र जे काम करते, तेच अटलांटिकसाठी मायामी करते. दोन्ही जागतिक हवामान संघटनेची प्रादेशिक विशेष केंद्रे आहेत.

फरक पडतो तो विमानांमुळे. मिसिसिपी राज्यात बिलॉक्सी येथील कीस्लर तळावर हवाई दलाची ५३ वी हवामान टेहळणी तुकडी आहे. तिची चार पंख्यांची सी-१३० जातीची विमाने थेट वादळाच्या डोळ्यातून आरपार जातात. शिवाय नोआ या, हवामान सेवा जिच्या हाताखाली येते त्या सरकारी संस्थेची दोन पी-३ विमाने आहेत, ज्यांना 'कर्मिट' आणि 'मिस पिगी' अशी बाहुल्यांची नावे ठेवली आहेत. विमानातून एक नळकांडे छोट्या छत्रीसह खाली सोडतात. ते समुद्रात पडेपर्यंत दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा यांची मोजणी वर पाठवत राहते. भारताकडे अशी नियमित सोय नाही, आपण मुख्यतः उपग्रहाच्या चित्रांवरून तीव्रता ताडतो. त्याची पद्धत व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात बसवली. ढगांच्या वळणांचा आकार पाहून वाऱ्याचा वेग सांगणे म्हणजे वैद्याने नाडी पाहण्यासारखे आहे : अनुभवी माणसाचे बहुतेक वेळा बरोबर येते, पण रोग अचानक पालटला तर फसगत होते.

तशी फसगत २०२३ मध्ये झाली. ओटिस हे वादळ मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्याकडे येत होते. जमिनीवर चढण्याच्या चोवीस तास आधी ते हरिकेनही नव्हते आणि फार तर दुबळे हरिकेन होऊन चढेल असा अंदाज होता. २४ ऑक्टोबरच्या दुपारी विमान आत शिरले तेव्हा वारा कल्पनेपलीकडे वाढलेला आढळला. २५ तारखेच्या पहाटेपूर्वी ते अकापुल्कोवर श्रेणी ५ चे होऊन आदळले. त्या रात्रीचे टिपण जरूर वाचावे. एरवी अतिशय जपून लिहिणाऱ्या अंदाजकर्त्याने त्यात दुःस्वप्न हा शब्द वापरला आहे. चोवीस तासांत वारा ३० नॉट (ताशी सुमारे ५५ किलोमीटर) वाढला तर त्याला झपाट्याची वाढ म्हणतात, ओटिसमध्ये ती याच्या तिप्पट झाली. मार्गाचा अंदाज गेल्या तीस वर्षांत इतका सुधारला आहे की आजच्या तीन दिवसांच्या अंदाजातली चूक १९९० च्या सुमाराच्या एका दिवसाच्या चुकीएवढी आहे. तीव्रतेचे घोडे मात्र बराच काळ अडून होते. अलीकडे ते हलले आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात जमैकावर ताशी १८५ मैल वाऱ्याने आदळलेल्या मेलिसाची झपाट्याची वाढ केंद्राने काही दिवस आधीच सांगितली होती. त्या हंगामात गूगल डीपमाइंडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाचे निकालही अंदाजकर्त्यांच्या समोर होते.

---

एडिसनकर

विमाने, प्रारूपे सगळे खरे, पण एक चूक आकड्यांची नव्हती, शब्दाची होती, ती नोंदवावी असे वाटते. आम्ही न्यू जर्सीत राहतो. २०१२ मध्ये सँडी या हरिकेनचा मार्ग युरोपीय प्रारूपाने आठवडाभर आधी दाखवला होता आणि केंद्राचा अंदाजही उत्तम होता. अडचण अशी झाली की सँडी किनाऱ्याला लागण्याच्या सुमारास थंड हवेत मिसळून तांत्रिक अर्थाने हरिकेन उरणार नव्हते, आणि जे हरिकेन नाही त्याला हरिकेनचा इशारा लावायचा नाही असा नियम होता. त्यामुळे नॉर्थ कॅरोलायनाच्या उत्तरेला केंद्राने हरिकेनचा इशारा लावलाच नाही. स्थानिक कार्यालयांनी जोरदार वाऱ्याचे आणि पुराचे वेगळे इशारे काढले. आमच्या सोसायटीतल्या मंडळींनी त्याचा अर्थ 'हरिकेन टळले' असा लावला. २९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ते अटलांटिक सिटीजवळ चढले, मॅनहॅटनच्या टोकाला पाणी चौदा फुटांवर गेले आणि भुयारी रेल्वेत समुद्र शिरला.

पुढच्याच वर्षी नियम बदलला. वादळाची जात बदलली तरी धोका असेपर्यंत इशारा चालू ठेवता येईल अशी सोय झाली. २०१७ पासून आणखी एक सुधारणा झाली, जी आम्हाला तेव्हा उपयोगी पडली असती : वादळ जन्माला येण्याआधीच, ते जन्मून किनारा गाठेल असे दिसत असेल, तर पत्रके सुरू करता येतात. हेलीनची पहिली पत्रके अशीच निघाली होती. तोपर्यंत वादळ जन्मल्याशिवाय पत्रक नाही, असा जन्माआधी पाळणा नको छापाचा कारभार होता.

---

बखरवाचक

थोडे मागे जातो. अंदाज सांगणाऱ्याने 'मला ठाऊक नाही' म्हणायला शिकणे किती महत्त्वाचे असते, याचा दाखला १९०० सालचा आहे. हवानातल्या बेलेन वेधशाळेत फादर बेनितो विन्येस यांनी १८७० पासून ढगांच्या हालचालींवरून वादळे ओळखण्याची विद्या उभी केली होती. त्यांच्या मागे त्यांचे शिष्य ती चालवत होते. क्यूबा तेव्हा अमेरिकन लष्कराच्या ताब्यात होते आणि अमेरिकेच्या हवामान विभागाला क्यूबन लोकांचे अंदाज अतिरंजित वाटत, म्हणून त्यांच्या वादळविषयक तारांवर निर्बंध घातले गेले होते. सप्टेंबरात एक वादळ क्यूबावरून गेले. वॉशिंग्टनच्या मते ते फ्लोरिडाकडून अटलांटिकमध्ये वळणार होते. हवानाच्या मते ते टेक्सासकडे निघाले होते. ८ सप्टेंबरला ते गॅल्व्हस्टनवर गेले आणि सहा ते बारा हजार माणसे बुडाली. अमेरिकेतल्या कोणत्याही नैसर्गिक आपत्तीत इतकी माणसे गेलेली नाहीत.

'सायक्लोन' हा शब्दही याच कुळातला आहे. तो १८४० च्या दशकात कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन यांनी बनवला. म्हणजे नाव बंगालच्या उपसागराने दिले, पद्धत हवानाने दिली आणि मायामीचे केंद्र पुष्कळ नंतर आले.

---

रोखठोक

माहितीबद्दल सर्वांचे आभार, विशेषतः हवानाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझा आग्रह तरीही कायम आहे. खासगी अॅप फुकट मिळतात, वाहिन्यांकडे स्वतःचे हवामानतज्ज्ञ आहेत. सरकारी खर्चाने अकरा वाजता निघणाऱ्या कागदाचे महत्त्व नेमके काय उरले? आणि सरकारी असल्यामुळे त्यावर राजकारणाचा दाब येत नाही का? २०१९ मध्ये डोरियन वादळाच्या वेळी अध्यक्ष ट्रम्प यांनी दाखवलेला, काळ्या पेनाने अलाबामापर्यंत वाढवलेला नकाशा आपण सर्वांनी पाहिला आहे.

---

ढगवेडा

दाब येतो, आणि तो नकाशा त्याचा पुरावा आहे. पण पेनाने वाढवला होता हे लगेच ओळखता आले, कारण मूळ शंकू तारीख-वेळेसह सर्वांसाठी खुला होता. अलाबामाला धोका नाही असे बर्मिंगहॅमच्या सरकारी हवामान कार्यालयानेच त्याआधी जाहीर केले होते. पुढे वरिष्ठ संस्थेने, म्हणजे नोआने, निनावी निवेदन काढून त्या कार्यालयाची कानउघाडणी केली, तेही नोंदवले पाहिजे.

अॅपबद्दल बोलायचे तर उपग्रह, विमाने, समुद्रातले तरंगते बोये आणि मुख्य अमेरिकन प्रारूप हे सगळे सरकारी आहे. अॅप त्यावरच उभे आहे. शिवाय अॅप दर सहा तासांनी नव्या प्रारूपाबरोबर मत बदलते. केंद्राचे अंदाजकर्ते मुद्दाम तसे करत नाहीत. प्रारूप एकदम शंभर मैल उजवीकडे सरकले तरी ते आपला मार्ग थोडाच सरकवतात आणि पुढच्या फेरीत ते प्रारूप तिथेच टिकते का ते पाहतात, नाही तर अंदाज गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखा इकडून तिकडे फिरत राहील आणि काउंटीच्या अधिकाऱ्याला सकाळी दिलेला हुकूम संध्याकाळी मागे घ्यावा लागेल. याचा तोटाही आहे : प्रारूप बरोबर निघाले तर केंद्र एक फेरी उशिरा पोहोचते.

---

खाडीकाठची

सर्वांचे आभार. शेजाऱ्यांचे आणि माझे पुढे काय झाले ते सांगते, म्हणजे मूळ प्रश्नाशी परत येता येईल.

केंद्र दर वर्षी स्वतःच्या चुकांचा अहवाल काढते. प्रत्येक वादळासाठी बारा तासांचा, चोवीस तासांचा असा प्रत्येक अंदाज प्रत्यक्षाशी ताडून किती मैल चुकला हे त्यात लिहिलेले असते आणि कोणत्या प्रारूपाने आपल्याला हरवले हेही. मिल्टनचे आकडे पाहिले. पहिल्या पत्रकापासून रोख फ्लोरिडाच्या मध्य-पश्चिम किनाऱ्याकडेच होता आणि मध्य शंकूच्या आतच राहिला. आमच्या खाडीच्या दृष्टीने मात्र सगळा फरक वीस-तीस मैलांचा होता आणि दोन दिवस आधी तेवढे नेमके सांगण्याची विद्या अजून कोणाकडे नाही. विदाप्रेमी यांच्या हिशेबाने बोलायचे तर आम्हाला हुकूम निघाला तो वादळ कुठे जाईल यासाठी नव्हता, ते कुठे जाऊ शकेल यासाठी होता. रीटाबद्दलचे रोखठोक यांचे म्हणणे मला याच ठिकाणी पटते : 'ए'नंतरच्या 'बी' विभागाच्या पलीकडचे लोकही निघाले असते तर आम्ही महामार्गावर अडकलो असतो. इकडे सरळ सांगतात की पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. विभाग पाडलेले आहेत ते त्यासाठीच.

पाण्यावर एवढा भर का, याचेही उत्तर केंद्राच्याच अभ्यासात मिळाले. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत अशा वादळांचे जे थेट बळी गेले, त्यांतले जवळजवळ नऊदशांश पाण्यामुळे गेले आणि सुमारे निम्मे एकट्या वादळी उधाणामुळे. त्यानंतरच्या दहा वर्षांत उधाणाचे प्रमाण ११ टक्क्यांवर आले आणि पावसाच्या पुराचे ५७ टक्क्यांवर गेले. पुढे हेलीनने नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत, समुद्रापासून शेकडो मैल आत, तेच दाखवले. श्रेणीचा आकडा मात्र अजूनही फक्त वाऱ्याचाच असतो. 'श्रेणी एकच आहे ना' असे म्हणत बसून राहणारे लोक दर वर्षी भेटतात.

हे सगळे मी शेजाऱ्यांना सांगितले तेव्हा त्यांनी ऐकून घेतले, पण चेहऱ्यावर काही उमटले नाही. मग मी उधाणाच्या पत्रकातली एक ओळ दाखवली. त्यात पाण्याची उंची समुद्रसपाटीपासून नव्हे तर एरवी कोरड्या असणाऱ्या जमिनीपासून दिलेली असते आणि त्या पट्ट्यात कुठे तरी, भरतीच्या वेळी, कमाल किती चढू शकेल ते सांगितलेले असते. ते आतून मोजपट्टी घेऊन आले. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर हेलीनच्या पाण्याची पिवळट रेघ अजून आहे, ती आम्ही मोजली : जमिनीपासून दोन फूट चार इंच. तेवढ्या पाण्यात त्यांचा फ्रिज आडवा होऊन तरंगला होता. मग ते म्हणाले की मिल्टनच्या इशाऱ्यातला कमीत कमी आकडा, दहा फूट, तोही लावून पाहू. त्या खुणेसाठी त्यांना गॅरेजमधून शिडी आणावी लागली.